तीनशे वीस पानांची उधारी

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू हिंजवडीत नोकरी करतोस, कोथरूडहून कंपनीच्या बसने येता-जाता वाचतोस. दिवाळीच्या बोनसमधून एका गाजलेल्या एपिक फँटसी सिरीजचा (म्हणजे काल्पनिक राज्यं, जादू, लढाया असलेली लांबलचक कादंबरीमालिका) पहिला भाग घेतलास, ८३२ पानांचा, कारण ग्रुपमधले सगळे म्हणत होते की आयुष्यात एकदा वाचायलाच पाहिजे. ३२० पानांवर थांबलास. दोन महिने झाले, बुकमार्क तिथेच आहे. आणि आता विचारतोयस की ताई, माझंच काही चुकतंय का, माझी वाचायची ताकद गेली का, की पुस्तकच तसं आहे, आणि पुढे वाचू का सोडू. अहो-जाहो नको असंही लिहिलंयस म्हणून अरेतुरे करते.

मी गेली सव्वीस वर्षं पुण्यात पुस्तकांचं संपादन करतेय आणि त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं बऱ्यापैकी फँटसीतच गेलीयेत, म्हणजे इंग्रजीतून मराठीत येणारी भाषांतरं आणि नव्या मुलामुलींचे खर्डे. तू म्हणतोस ते पुस्तक मी वाचलंय, शेवटच्या पानापर्यंत. नाव मुद्दाम घेत नाही कारण मला त्या एका पुस्तकापेक्षा तुला जे झालं त्यावर बोलायचंय, तेच रडगाणं मी कितीतरी वाचकांकडून ऐकलंय आणि प्रत्येक जण पहिल्यांदा स्वतःलाच दोष देतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर सगळ्यात आधी, तुझी ताकद कुठेही गेलेली नाही. तूच लिहिलंयस की नववीच्या सुट्टीत आजोबांकडचे महाभारताचे मराठी खंड एकामागून एक संपवले होतेस आणि मागच्या वर्षी पानिपतावरचं एक जाडजूड पुस्तक चार दिवसांत. फोनमुळे लक्ष लागत नाही वगैरे जे स्वतःला बोललायस ते थोडं खरं असेलही, सगळ्यांचंच झालंय, पण त्याच फोनच्या काळात ते पानिपत वाचून झालं ना? म्हणजे भूक आहे. मग ताटात काय वाढलं गेलं ते बघू.

माझ्या मते एपिक फँटसी हा सगळा उधारीचा व्यवहार आहे. नीट सांगते. समजा मी पुण्यातली गोष्ट लिहिली आणि म्हटलं की गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी सातला तिला लक्ष्मी रोड ओलांडायचा होता, तर मला पुढे काही सांगावं लागत नाही, गर्दी, ढोल, बांबू लावून बंद केलेल्या गल्ल्या, गर्दीत तुटलेली चप्पल, हे सगळं तू तुझ्या पदरचं घालतोस. फँटसी लिहिणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्या राज्यात पाणी कुठून येतं, देवाला काय वाहतात, मेलेल्या माणसाचं काय करतात, एका नाण्यात किती भाकऱ्या येतात, यातलं काहीच तुझ्याकडे आधीपासून नाहीये. म्हणून तो तुझ्याकडे उधार मागतो. हे नाव आत्ता लक्षात ठेव, पुढे कळेल. हा नकाशा बघून ठेव, लागेल. हा शब्द समजला नाही तरी चालेल, पुढे चल. आणि आपण देतो, कारण नवीन जग बघायची हौस असते, मला तर अजून आहे. पण घेतलेलं परत कसं करायचं आणि कधी करायचं, इथे लेखकाचा कस लागतो.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्कीन यांचं १९३९ साली स्कॉटलंडमध्ये, सेंट अँड्र्यूज विद्यापीठात, परीकथांवर एक व्याख्यान झालं होतं. त्यात ते म्हणतात की 'हिरवा सूर्य' हे शब्द कुणीही जुळवू शकतो, पण ज्या जगात तो हिरवा सूर्य खरा वाटेल असं जग उभं करायला मेहनत लागते, आणि ती करणारे फार थोडे. मी हे नव्या लेखकांना कायम सांगते, कारण बहुतेकांचं पुस्तक हिरव्या सूर्यापाशीच थांबलेलं असतं. सूर्य हिरवा आहे, त्याचं नाव अमुक आहे, तो हिरवा का झाला याची दंतकथा चार पानं. पण त्या उजेडात भाजी ताजी आहे की शिळी हे बाजारातली बाई कसं ओळखते, हे कुणी लिहीत नाही. ते लिहिलं की झालं, तो सूर्य खरा.

आता हप्त्यांचं बघ. माझ्या आईची भिशी होती, बारा बायकांची, बारा महिने. त्यात मजा अशी की दर महिन्याला कुणाचा तरी नंबर लागतो. माझा डिसेंबरात लागणार असला तरी जानेवारीत समोरचीला पैसे मिळालेले मी बघते, म्हणून फेब्रुवारीचे पैसे मी बिनघोर काढून ठेवते. आणि कुणी म्हणालं की सगळ्यांचे पैसे तीन वर्षांनी एकदमच मिळतील, तोवर भरत राहा, तर दुसऱ्या महिन्याला कोण येईल? चांगल्या फँटसीत दर प्रकरणाला कुणाचा तरी नंबर लागतो. मुख्य कोडं पुढेच असतं, पण आज एका बाजूच्या पात्राचा हिशोब पुरा होतो, उद्या पन्नास पानांपूर्वी कानावर पडलेल्या एखाद्या शब्दाचा अर्थ अंगावर येतो, आणि मग पुढच्या नावांचा भार आपण खुशीने उचलतो. तुझ्या पुस्तकात ३२० पानांत फक्त भरणा झालाय. कीर्तनाच्या भाषेत बोलायचं तर पूर्वरंगच चाललाय, आख्यान लागतच नाही.

तू तक्रारी लिहिल्यायस त्या एकेक घेते, सगळ्या नाही, ज्यात काही सांगण्यासारखं आहे त्या.

नावं. तू मोजलीस, पहिल्या साठ पानांत ४१ नावं, आणि त्यातली निम्मी अपोस्ट्रॉफी घातलेली. नावांची संख्या हा मुद्दा नाहीये हे तुलाही माहितीये, महाभारतात काय कमी नावं आहेत? पण तिथलं नाव काम करतं. कर्ण घे. कुणी त्याला राधेय म्हणतं, कुणी सूतपुत्र, कुणी वैकर्तन, कुणी अंगराज, आणि बोलणाऱ्याने कुठलं नाव वापरलं यावरून तो कर्णाला कुठे बसवतोय हे लगेच कळतं. आणि मग उद्योगपर्वात कृष्ण त्याला बाजूला घेऊन सांगतो की तू कुंतीचा मुलगा आहेस. म्हणजे एवढा वेळ ऐकत आलेल्या त्या 'राधेय' नावावरच घाव बसतो, आणि तरी कर्ण ते नाव सोडत नाही, राधेने वाढवलंय म्हणतो. एका नावात केवढी उधारी आणि केवढी फेड! टॉल्कीन यांचं वेगळं, ते भाषाशास्त्राचे प्राध्यापक, त्यांनी भाषा आधी रचल्या आणि नावं त्या भाषांतून आली, म्हणून दोन नावं शेजारी ठेवली की ही एकाच मुलखातली आहेत हे कानालाच कळतं. नंतरच्या पुष्कळ लेखकांनी त्यातला फक्त आवाज उचलला. तुझ्या पुस्तकातली ती ४१ नावं एकमेकांत अदलाबदल केली तर कुणाला पत्ता लागणार नाही, मी खरंच एकदा दोन सरदारांची नावं उलटी धरून वीस पानं वाचली होती आणि कुठेच अडले नाही.

भविष्यवाणी. अनाथ मुलगा, अंगावर खूण, आणि शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी सांगून ठेवलंय की हाच तो. तू लिहिलंयस की तिथेच तुझा उत्साह मावळला, आणि पुढे असंही की 'पण आपल्याकडेही शाप-वरदानं असतातच की, मग मला तिथे का खटकत नाही?' तुझ्या पत्रातला हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. याचं कारण असं की आपल्याकडच्या शापामागे कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. कर्णाच्या हातून चुकून ब्राह्मणाची गाय मरते, म्हणून रथाचं चाक रुतेल हा शाप. परशुरामाशी तो खोटं बोलतो, म्हणून ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही हा शाप. दोन्ही प्रसंग छोटे, माणसाच्या हातून घडतील असे, आणि कर्णपर्वात जेव्हा चाक जमिनीत जातं तेव्हा आपल्याला ती गाय आठवते. तुझ्या पुस्तकातल्या भविष्यवाणीमागे कुणाचंच काही केलेलं नाही. ती लेखकाच्या सोयीसाठी आकाशातून आलीये, म्हणून त्या मुलाला राज्य मिळालं काय आणि नाही काय, आपल्या पोटात काही हलत नाही.

लढाई. पान २८० च्या आसपास तो मोठा रणसंग्राम आहे, चाळीस हजार मेले असं एका वाक्यात येतं आणि पुढच्या प्रकरणात सगळे नदीकाठी बसून विनोद करतायत. तू पानिपत वाचून आलेला माणूस, तुला हे कसं पचणार? आपल्याला युद्ध म्हटलं की धान्य आठवतं, रसद तुटणं आठवतं, लष्कराबरोबर निघालेले यात्रेकरू आणि बायकामुलं आठवतात. आणि ती सावकारी पत्रातली बातमी आठवते, नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचलेली, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि चांदी-तांब्याची तर गणतीच नाही, अशा अर्थाची. विश्वासराव आणि भाऊसाहेब म्हणजे मोती, सरदार म्हणजे मोहरा, आणि बाकीची माणसं सुट्टे पैसे. मला ते पत्र आठवलं की अजूनही कसंतरी होतं. त्यात रणांगणाचं वर्णन नाही, रक्त नाही, नुसता जमाखर्च आहे, आणि तो वाचणारा माणूस त्याच वर्षी, १७६१ च्या जूनमध्ये, पर्वतीवर वारला. तू रोज चांदणी चौकाकडून येतोस-जातोस, सुट्टीच्या दिवशी कधीतरी पर्वती चढून ये, तिथे उभं राहून हे पत्र आठव. मग चाळीस हजारांचं ते एक वाक्य तुला का लागलं नाही ते मला वेगळं सांगावं लागणार नाही. मेलेल्यांचा आकडा मोठा केल्याने काही मोठं होत नाही, ते कुणाच्या वहीत लिहिलं गेलं हे दिसावं लागतं.

आता जादू, कारण तुझी सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे. 'मॅजिक सिस्टिम भारी आहे असं सगळे म्हणतात पण मला ती फिजिक्सच्या क्लासच्या नोट्ससारखी वाटली.' बरोबरच वाटलं. म्हातारा गुरू आणि मुलगा डोंगर चढतायत आणि गुरू बोलतोय, अकरा पानं.

मी इथे माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगते, ज्याचा खर्डा आहे त्या मुलाला विचारूनच सांगतेय. सिंहगड रोडला राहतो, तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मराठी फँटसी घेऊन आला, हाताने काढलेल्या नकाशासकट. त्याची कल्पना फार सुंदर होती. त्याच्या राज्यात मंत्रशक्तीच्या सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी चढताना माणसाच्या जिभेवरचा एक रस कायमचा जातो. आपले आयुर्वेदातले सहा रस, मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय, त्याच क्रमाने. सहावी पायरी चढलेल्याला माती आणि भात सारखाच. मी ऐकून उठून बसले होते. आणि खर्ड्यात हे कसं आलं होतं? आश्रमात आचार्य शिष्यांना बसवून समजावतायत, चौदा पानं. 'वत्सा, प्रत्येक रस हा एकेका द्वाराचा रक्षक आहे, आणि द्वार उघडायचे तर रक्षकास निरोप द्यावा लागतो' या चालीवर. वाक्यं वाईट नव्हती. पण चौदा पानांत एकही माणूस जेवत नव्हता.

मी त्याला म्हटलं, आचार्यांना राहू दे, तुझा नायक घरी कधी जातो ते सांग. तो म्हणाला, पाचव्या प्रकरणात, लढाईवरून परत येतो, आईला भेटतो, पण ते दोन ओळींत उरकलंय. म्हटलं, तिथेच बस. आई काय रांधते? त्याने पदार्थाला काहीतरी अगम्य नाव दिलं होतं, मला आता आठवतही नाही. मी म्हटलं, कालवण म्हण ना सरळ, तुझ्या राज्यात लोक भात खातात तर कालवणही असेलच. दोन आठवड्यांनी तो नवीन पानं घेऊन आला. मुलगा येतो. आई त्याच्या हातावर गूळ ठेवते, तो पटकन गिळून टाकतो, चघळत नाही. मग ती पान वाढते, भात, कालवण. गडबडीत, आनंदात, तिची एक चूक झालेली असते. मुलगा जेवतो. ती विचारते कसं झालंय. तो म्हणतो, छान, अजून वाढ. तो उठल्यावर ती स्वतःचं वाढून घेते, पहिला घास तोंडात घालते आणि हात तसाच राहतो. कालवणात मीठच नसतं.

बस, दीड पान. मधुर गेलं, आम्ल गेलं, लवण गेलं, म्हणजे मुलगा तिसरी पायरी चढून आलाय. आणि तिसरी पायरी चढायला काय करावं लागतं हे आधीच्या प्रकरणात एका जखमी शिपायाच्या तोंडून ओझरतं येऊन गेलेलं असतं, तेव्हा आपण त्याकडे विशेष लक्षही दिलेलं नसतं. ते सगळं त्या एका घासाला परत मिळतं. चौदा पानं गेली, आचार्य गेले, आणि ती जादू मला आज तीन वर्षांनीही जशीच्या तशी समजलेली आहे, कारण ती कुणालातरी महागात पडलेली मी बघितली. तुझ्या पुस्तकात अकरा पानं नियम सांगितल्यावर ती शक्ती वापरून कुणाचं काय गेलं? मी शेवटपर्यंत वाचलंय, पहिल्या भागात तरी कुणाचंच काही जात नाही. थोडं थकतात आणि झोपतात.

ही पुस्तकं एवढी जाड का होतात, यावरही थोडं बोलायला हवं, कारण वाचकांना वाटतं जाडी म्हणजे भव्यता. ८३२ पानं म्हणजे आपल्या सोळा पानी फर्म्याच्या हिशोबाने बरोबर ५२ फर्मे. टॉल्कीन यांचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलं, पण त्यांनी ते एकच सलग पुस्तक म्हणून लिहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद महाग, एवढं जाड पुस्तक एकगठ्ठा छापायचं म्हणजे किंमत आवाक्याबाहेर, म्हणून तुकडे केले. ती छपाईची तडजोड होती. पुढे मात्र फँटसी म्हणजे तीन भाग अशी चालच पडली, आणि मग तीनाचे पाच आणि पाचाचे चौदा. रॉबर्ट जॉर्डन यांची 'व्हील ऑफ टाइम' १९९० ला सुरू झाली, ते २००७ साली गेले, आणि शेवटचे भाग दुसऱ्या लेखकाने त्यांच्या टिपणांवरून पुरे केले, चौदावा २०१३ ला आला. जॉर्ज मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचा पहिला भाग १९९६ चा, पाचवा २०११ चा, सहाव्याची लोक अजून वाट बघतायत. मी या लेखकांना नावं ठेवत नाहीये, एवढं मोठं जग डोक्यात सांभाळणं किती जीवघेणं आहे ते मी फार जवळून बघितलंय. पण सिरीज करायचीच असं ठरवून जो लिहायला बसतो तो पहिल्या भागात नुसता पाया खणत राहतो, हा धोका खरा आहे, आणि तू त्याच खड्ड्यात उभा आहेस.

आणि शेवट लपवून ठेवला म्हणजेच वाचक टिकतो हाही एक भ्रम आहे बरं का. महाभारतात आदिपर्वाच्या अगदी सुरुवातीला धृतराष्ट्राचा विलाप येतो, एकामागून एक श्लोक, 'मी जेव्हा हे ऐकलं, जेव्हा ते ऐकलं', आणि प्रत्येकाच्या शेवटी 'तदा नाशंसे विजयाय संजय', तेव्हाच मी जयाची आशा सोडली, संजया. द्यूत, वनवास, भीष्म, द्रोण, कर्ण, सगळं तिथेच सांगून टाकलंय. आजच्या भाषेत स्पॉयलर. तरी अठरा पर्वं लोक ऐकत आले, कारण जो माणूस जिथे बसला त्याला तिथे पोटभर मिळालं. नुसतं नलोपाख्यान ऐकून कुणी घरी गेला तरी रिकाम्या हाताने गेला नाही.

यातच एक संपादकाची म्हणून गोष्ट सांगते. आपल्या भांडारकर इन्स्टिट्यूटमध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ला सुरू झालं आणि १९६६ ला पुरं झालं, १९ खंड. शेकडो हस्तलिखितं ताडून बघायची, नंतर घुसलेलं ओळखायचं आणि बाजूला काढायचं. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही कथा आपल्याला किती लाडकी, पण हस्तलिखितांचा आधार पुरेसा नाही म्हटल्यावर त्यांनी ती मुख्य संहितेतून काढली आणि परिशिष्टात ठेवली. पुण्यात बसून गणपतीची कथा मागे ठेवायची! आणि फेकून दिली नाही, ज्याला हवी त्याला परिशिष्टात मिळते. मला कुणी संपादन म्हणजे काय विचारलं की मी हे सांगते. तुझ्या त्या पुस्तकावर इतक्या मायेने आणि इतक्या धीराने कुणीतरी हात फिरवायला हवा होता. राजघराण्यांच्या वंशावळी, देवांची भांडणं, त्या अकरा पानांतली दहा, सगळं मागे परिशिष्टात गेलं असतं तर तुला आवडलेला तो प्रसंग १९० व्या पानावर न येता साठाव्या पानावर आला असता.

कारण एक प्रसंग तुला आवडलाय, तू सहज लिहून गेलायस. वेढा पडलेल्या गावात पाण्याची रांग, एक बाई रांगेतली आपली जागा चांदीच्या एका कड्यासाठी विकते, आणि ती कडं हातात घालतेय तेवढ्यात तिची मुलगी रिकामी घागर घेऊन येते. मी त्या पानाच्या समासात पेन्सिलने रेघ मारलीये. त्या बाईला नाव नाहीये, तिचा नकाशाशी संबंध नाही, भविष्यवाणीशी नाही. तरी त्या वेढ्याची किंमत आपल्याला तिच्या मनगटावर दिसते. म्हणजे या लेखकाला येतं, ही गोष्ट लक्षात घे. त्याला वेळ काढायला कुणी लावलं नाही किंवा त्याचा स्वतःवर विश्वास बसला नाही.

आता वाचू का सोडू. थोडा भाग तुझ्या बाजूचाही आहे तो आधी सांगते. तू बसमध्ये दहा-बारा पानांच्या तुकड्यांनी वाचतोयस, तेही किंडलवर, आणि किंडलवर नकाशा म्हणजे डोळ्यांना त्रास नुसता, मागची शब्दसूची तर कुणी उघडतच नाही. असल्या पुस्तकाला सुरुवातीला एक सलग बैठक लागते, दोन-तीन तासांची, मग पुढचं बसमध्ये चालतं. आणि इंग्रजीबद्दल तू जे चोरट्यासारखं लिहिलंयस की शब्द अडतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ही मंडळी मुद्दाम जुन्या वळणाचं इंग्रजी वापरतात, चिलखताच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा शब्द, तो तिथल्या वाचकालाही अडतो. कोश उघडू नकोस, चिलखत म्हण आणि पुढे जा.

तर असं कर. ३२१ पासून पुढे वाचू नकोस. सरळ एकतिसाव्या प्रकरणावर जा, तिथे वेढा उठतो आणि ती पाण्याच्या रांगेतली बाई परत येते. मधलं काय झालं ते तुला पाच मिनिटांत कळेल, फार काही झालेलं नाहीये. ते एक प्रकरण शनिवारी सकाळी एका बैठकीत वाच. ते वाचून मागचं वाचावंसं वाटलं तर मागे ये. नाही वाटलं तर बिनधास्त बंद कर आणि ज्या मित्राने सांगितलं होतं त्याच्याशी मोकळेपणाने बोल, त्याला जे मिळालं ते खोटं नसेल, कदाचित त्याला नकाशे आणि वंशावळीच आवडत असतील, असे वाचक मला ठाऊक आहेत आणि त्यांची आवडही खरी असते. पण दुसरा भाग आत्ता घेऊ नकोस. पुढे कळेल म्हणून आणखी ९०० पानं उधार देऊ नकोस.

आणि फँटसीच सोडून देतो असं जे शेवटी रागाने लिहिलंयस ते मात्र नको रे. त्या सिंहगड रोडच्या मुलाचा तिसरा खर्डा परवा आला. आईचा प्रसंग त्याने पुढे नेलाय, मी सुचवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती परत कालवण करते, मिठाचं मडकं जवळ असतं, झाकण काढते आणि परत ठेवते. मग दोघांचीही पानं वाढते, मुलाच्या समोर बसते आणि तेच अळणी कालवण त्याच्याबरोबर जेवते, काही न बोलता. छापून आलं की तुला कळवते.